माणूस कुठे उभा आहे?

बी.एड.च्या वर्षी मी एक फाइल तयार केली होती. तिच्या पहिल्या पानावर सुबक अक्षरांत 'कृतिसंशोधन' असं लिहिलं होतं. विषय होता सातवीच्या मुलांच्या शुद्धलेखनातल्या चुका. समस्येची निवड, उद्दिष्टं, गृहीतक, कार्यवाही, निष्कर्ष ही सदरं ठरलेलीच होती. आदल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीची फाइल शेजारी उघडी ठेवून मी दोन रात्रींत माझी फाइल पुरी केली. पूर्वचाचणीचे आणि उत्तरचाचणीचे गुण मांडले, टक्केवारी काढली, स्तंभालेख रंगवला. सही झाली, गुण मिळाले. ज्या मुलांबद्दल ही सगळी फाइल होती, त्यांना मात्र कुणीच काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढे मानसशास्त्र शिकवू लागले तेव्हा कळलं, की 'कृतिसंशोधन' हा शब्द रूढ झाला तो कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या १९४६ सालच्या एका निबंधामुळे. त्या निबंधाचा विषय अल्पसंख्याकांना मिळणारी वागणूक हा होता. आधी परिस्थिती नीट तपासायची, मग एक पाऊल टाकायचं, त्या पावलाने काय झालं ते पाहायचं आणि त्यावरून पुढचं पाऊल ठरवायचं, अशी ही रीत. तिला एक अटही होती : ज्यांचं जगणं बदलायचं, ती माणसं या शोधात आणि निर्णयात सामील असली पाहिजेत. महाराष्ट्रातल्या हजारो शिक्षकांनी कृतिसंशोधनाच्या फायली केल्या आहेत. रीत आमच्यापर्यंत पोचली, अट वाटेत गळून पडली. लेविन यांच्यावरच्या या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना हीच सल पुन्हा जागी झाली आणि म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

लेविन ज्या क्षेत्रात आले तिथे तेव्हा दोन प्रश्नांचा संसार वेगवेगळा होता. माणूस एखाद्या गोष्टीसाठी का झटतो, हा एक प्रश्न, म्हणजे प्रेरणेचा. चारचौघांत आला की तो वेगळा का वागतो, हा दुसरा, म्हणजे समूहाचा. १८९५ साली फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँ यांनी गर्दीवर पुस्तक लिहिलं. गर्दीत माणसाची बुद्धी हरपते, असं त्यांचं म्हणणं. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांना दिसलं की सायकलस्वार एकटा असताना जितका वेगाने जातो, त्याहून जास्त वेगाने तो सोबत कुणी असताना जातो. १९०८ साली विल्यम मॅकडूगल यांनी सगळ्या वागण्याची मुळं सहजप्रवृत्तींमध्ये शोधली. फ्रॉइडनी ती बालपणात आणि अबोध मनात शोधली, वर्तनवाद्यांनी उद्दीपक आणि प्रतिसादांच्या साखळीत. १९२४ साली फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी ठामपणे सांगून टाकलं की समूहाचं मन वगैरे काही नसतं, असतात त्या फक्त व्यक्ती. यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट समान होती. वागण्याचं कारण ते माणसाच्या आत किंवा त्याच्या भूतकाळात शोधत होते. माणूस या क्षणी कुठे उभा आहे, तिथून त्याला काय दिसतं, कोणती वाट मोकळी आणि कोणती अडलेली वाटते, याकडे फार थोड्यांचं लक्ष होतं.

लेविन यांचं लक्ष तिकडे का गेलं, याचं उत्तर मला त्यांच्या आयुष्यात दिसतं. ९ सप्टेंबर १८९० रोजी मोगिल्नो या गावी त्यांचा जन्म झाला. गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते प्रशियाच्या ताब्यात होतं. घर ज्यू, वडिलांचं किराणा-भुसाराचं दुकान, गावाबाहेर थोडी शेती. ज्यू मुलगा कुठे जाऊ शकतो आणि कुठे नाही, याच्या रेघा त्या गावात न आखताही सगळ्यांना ठाऊक होत्या. १९०५ साली कुटुंब बर्लिनला गेलं. पुढे बर्लिन विद्यापीठात कार्ल श्टुम्फ यांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं आणि १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर ते तोफखान्यात भरती झाले. या युद्धात त्यांचा धाकटा भाऊ मारला गेला, ते स्वतः जखमी झाले.

युद्ध चालू असतानाच, १९१७ साली, त्यांनी 'युद्धभूमीचा भूप्रदेश' या आशयाचा एक छोटा निबंध छापला. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो क्वचितच वाचायला मिळतो. या पुस्तकात त्याला भरपूर जागा दिली आहे, हे मला फार योग्य वाटलं. शांततेच्या काळात माळरान चारी बाजूंना पसरत जातं, त्याला शेवट नसतो, पुढे-मागे नसतं. आघाडीकडे चालणाऱ्या सैनिकाला मात्र तोच माळ एका दिशेने जाणारा दिसतो. त्याला 'पुढे' असतं, 'मागे' असतं, आणि शत्रूच्या रेषेपाशी तो संपतो. झाड म्हणजे आडोसा, उंचवटा म्हणजे धोका. गाव मागे राहिलं असेल तर घराच्या फळ्या काढून जाळणं हा गुन्हा वाटेल. आघाडीवरच्या घरात तेच साधं सरपण. माळ तोच, माणूसही तोच. बदलली ती माणूस आणि माळ यांच्यातली गाठ. लेविन यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या कामाचं बी या काही पानांत आहे.

युद्धानंतर ते बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेत आले. राजवाड्याच्या रिकाम्या झालेल्या दालनांत ही संस्था भरे. माक्स वेर्टहायमर आणि वोल्फगांग क्योलर तिथेच होते. संपूर्ण आकृती ही तिच्या तुकड्यांच्या बेरजेहून वेगळी असते, असं मानणाऱ्या गेस्टाल्ट विचाराचं ते घर होतं. वेर्टहायमर आणि क्योलर डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतींवर काम करत होते. लेविन यांनी तोच विचार इच्छा, हट्ट, राग आणि निर्धार यांना लावला.

त्यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांत मुलींची संख्या मोठी होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणी रशियन साम्राज्याच्या मुलखातून आलेल्या ज्यू मुली होत्या. समोरच्या कॅफेत ही मंडळी तासन्‌तास बसत. एक किस्सा त्यांच्यातल्याच एकाने पुढे सांगितला आहे. कोणी काय मागवलं हे वेटर कागदावर काहीही न लिहिता बिनचूक सांगे. बिल चुकतं झालं. अर्ध्या तासाने लेविन यांनी त्याला बोलावून पुन्हा बिल मांडायला सांगितलं, तेव्हा तो वैतागला. पैसे दिलेत ना, मग आता कशाला लक्षात ठेवू, असा त्याचा भाव. ब्लूमा झाइगार्निक यांनी यावर प्रयोग रचला. लोकांना मणी ओवणं, कोडी सोडवणं अशी वीसेक छोटी कामं दिली, निम्मी मध्येच थांबवली. १९२७ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत अपुरी कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा कितीतरी अधिक आठवत होती. मारिया ओव्हसियांकिना यांना दिसलं की मध्येच थांबवलेलं काम, कुणी सांगितलं नाही तरी, माणूस पुन्हा हातात घेतो. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांत झाइगार्निक यांचा स्मरणाचा निष्कर्ष अनेक ठिकाणी पुन्हा मिळाला नाही. ओव्हसियांकिनांचा मात्र बराच टिकला. लेविन यांना त्यातून एवढंच म्हणायचं होतं, की हाती घेतलेलं काम मनात एक ताण निर्माण करतं आणि काम पुरं होईस्तोवर तो ताण सुटत नाही. प्रेरणा म्हणजे पोटातली भूक किंवा मागून मारलेला चाबूक इतकंच नव्हे, हे प्रयोगशाळेत दाखवण्याची ही सुरुवात.

तमारा डेम्बो यांचा रागावरचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. जमिनीवर एक चौकोन आखलेला. त्यात माणूस उभा करायचा आणि पाय बाहेर न काढता दूर ठेवलेलं फूल घ्यायला सांगायचं. दोन युक्त्या त्याला सापडतात. मग सांगायचं, 'आता तिसरी शोधा.' तिसरी नसतेच. माणूस आधी हसतो, मग चिडतो, मग त्या चौकोनाच्या रेघेवरच खेकसतो. रेघ खडूची, ओलांडायला एक पाऊल पुरे. पण काम स्वीकारलं आहे आणि समोर प्रयोगकर्ती उभी आहे, म्हणून ती भिंत होते. एकदा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी पण अशा रेघा आहेत." त्या दिवशी पुढचं काही शिकवायची गरज उरली नाही.

१९२९ साली येल विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लेविन यांनी एक छोटा चित्रपट दाखवला. दीड वर्षाची एक मुलगी दगडावर बसू पाहते. बसायचं तर दगडाकडे पाठ करायला हवी; पण जे हवं आहे त्याच्याकडे पाठ फिरवणं तिला जमत नाही. ती दगडाभोवती फिरते, वाकते, पुन्हा फिरते. लेविन यांचं इंग्रजी तेव्हा मोडकंतोडकं होतं, तरी ध्येयाकडे जाण्यासाठी आधी त्याच्यापासून वळावं लागतं तेव्हा काय होतं, हे त्या काही मिनिटांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना कळलं. ओढ, अडथळा, दिशा हे शब्द त्यांच्या लेखनात अलंकार म्हणून येत नाहीत. १९३६ साली त्यांनी हे सारं एका सूत्रात बांधलं : वर्तन हे व्यक्ती आणि तिची परिस्थिती या दोहोंचं मिळून फलन असतं. दोन्ही मिळून जे बनतं त्याला त्यांनी 'जीवनावकाश' म्हटलं.

१९३२ साली ते पाहुणे प्राध्यापक म्हणून स्टॅनफर्डला गेले. जपान आणि रशियामार्गे घरी परतताना, वाटेतच, हिटलर सत्तेवर आल्याची बातमी त्यांना कळली. जर्मनीत ज्यू प्राध्यापकाला जागा उरलेली नाही हे ओळखून त्याच वर्षी, १९३३ साली, त्यांनी देश सोडला. आईला मात्र त्यांना वाचवता आलं नाही. नाझींच्या छळछावणीत तिचा अंत झाला. आधी कॉर्नेल, मग १९३५पासून आयोवा विद्यापीठाचं बालकल्याण संशोधन केंद्र. इथे त्यांचं लक्ष एका माणसाकडून माणसांच्या गटाकडे वळलं. चांगली, शिकलेली माणसं हुकूमशाहीच्या वातावरणात एकमेकांना कशी वागवू लागतात, हा त्यांचा घरचा प्रश्न होता.

रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह त्यांनी १९३९ साली छापलेला प्रयोग बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो आणि बहुतेक ठिकाणी तो एका तक्त्यात संपतो. दहा-अकरा वर्षांची मुलं, पाच-पाच जणांचे क्लब, शाळा सुटल्यावर मुखवटे करणं, सुतारकाम वगैरे. एका प्रकारचा म्होरक्या सगळं स्वतः ठरवतो, दुसरा मुलांसोबत ठरवतो, तिसरा काहीच ठरवत नाही. हा तिसरा प्रकार मुळात योजनेत नव्हता. व्हाइट यांची वागण्याची तऱ्हा लोकशाही वळणाची दिसेना, हे लेविन यांच्या ध्यानात आलं आणि चूक झाकण्याऐवजी त्यांनी तिचाच वेगळा प्रकार केला. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

तक्त्यात न मावणारी गोष्ट पुढे आहे. हुकूमशाही म्होरक्यासमोर दबून राहणारी मुलं तो खोलीत असताना ७४ टक्के वेळ कामात दिसली. तो बाहेर गेला की २९ टक्के. लोकशाही गटात हेच आकडे ५० आणि ४६. म्हणजे डोक्यावर कुणी उभं असेल तर धाकाने काम जास्त होतं, हे लेविन यांच्याच आकड्यांत आहे. दार बंद झाल्यावर काय उरतं, हा त्यांचा खरा शोध. शिवाय धाकाखालच्या काही गटांत मुलं म्होरक्यावर न चिडता आपल्यातल्याच एखाद्याला धरून छळू लागली. लिपिट यांच्या आधीच्या प्रयोगात अशा छळाला कंटाळून मुलांनी क्लब सोडला होता. लेखिकेने हे आकडे आणि ही मुलं शेजारी ठेवली आहेत. लोकशाही चांगली म्हणून तिच्यात कामही जास्त होतं, असा गोड निष्कर्ष त्यांनी काढलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं. बैलाचं काळीज, मूत्रपिंड असे भाग घरोघरी शिजावेत अशी सरकारची इच्छा होती आणि मार्गारेट मीड यांच्या आहारसवयींच्या समितीने लेविन यांना बोलावलं. रेड क्रॉसच्या स्वयंसेविकांचे १३ ते १७ जणींचे गट घेतले. काहींना उत्तम व्याख्यान दिलं : पोषण, किंमत, पाककृती, वास कसा घालवावा, सगळं. काहींना तेवढ्याच वेळात आपसांत चर्चा करायला दिली आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून सांगायला सांगितलं. नंतरच्या पाहणीत व्याख्यान ऐकलेल्या बायकांपैकी ३ टक्के जणींनी असा पूर्वी कधी न केलेला पदार्थ केला होता. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के. आपल्या बचत गटाच्या मासिक सभेला ज्यांनी कधी हजेरी लावली आहे, त्यांना हा फरक आकड्यांशिवायही समजेल. चौघींसमोर उच्चारलेला शब्द घरी जाऊन मोडणं जड जातं. याच कामातून लेविन यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : घरात काय शिजणार हे खाणाऱ्याच्या आवडीइतकंच, भाजी आणि किराणा घरात कोण आणतं यावर ठरतं. त्या व्यक्तीला त्यांनी द्वारपाल म्हटलं. बातम्या निवडणाऱ्या संपादकांवर पुढे झालेल्या संशोधनाने हाच शब्द उचलला.

व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी पायजम्यांचा हारवूड कारखाना होता. त्याचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो हे लेविन यांचे मित्र आणि पुढे चरित्रकार. कामाची पद्धत बदलली की शिवणाऱ्या-घड्या घालणाऱ्या बायकांचा वेग पडे आणि अनेक जणी नोकरी सोडत. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांचा इथला प्रयोग १९४८ साली छापून आला. ज्या गटाला बदल फक्त सांगितला गेला, त्यातल्या १७ टक्के कामगारांनी पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडली. ज्या लहान गटांतल्या सगळ्या जणींनी मिळून नवी पद्धत आणि तिचे दर ठरवले, त्यांच्यातली एकही गेली नाही आणि त्यांचा वेग पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वर गेला. नॉर्वेतल्या एका कारखान्यातला असाच प्रयोग १९६० साली छापून आला; तिथे उत्पादनात फारसा फरक पडला नाही. तिथल्या कामगारांच्या मते असे निर्णय संघटनेने घ्यायचे असतात. सहभाग खरा आहे की नाही, हे अखेर सहभागी होणाराच ठरवतो.

१९४५ साली एमआयटीमध्ये लेविन यांचं समूहगतिकीचं, म्हणजे समूहातल्या घडामोडींच्या अभ्यासाचं, संशोधन केंद्र सुरू झालं. दोनच वर्षांत, फेब्रुवारी १९४७ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी लेविन हृदयविकाराने गेले. केंद्र मिशिगनला हललं. लिऑन फेस्टिंगर, मॉर्टन डॉइच, हॅरॉल्ड केली, स्टॅन्ली शॅक्टर अशी त्या केंद्रातून गेलेली माणसं पुढची तीस वर्षं अमेरिकन सामाजिक मानसशास्त्राचा कणा होती. डॉइच यांनी सहकार आणि स्पर्धा यांचा सिद्धांत मांडला. मनातल्या न जुळणाऱ्या गोष्टी जुळवून घेण्याची माणसाची धडपड सांगणाऱ्या फेस्टिंगर यांच्या विसंवादाच्या सिद्धांताला तर आपल्या मातीतला एक धागा आहे. १५ जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या होत्या. जिथे धक्का बसला पण नुकसान झालं नाही, तिथे याहून भयंकर संकट येणार अशा अफवा पसरल्या. घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील, या कोड्यात फेस्टिंगर अडकले. भीती आधीच मनात आहे, तिला साजेसं कारण अफवा पुरवते, असं उत्तर त्यांना सुचलं आणि त्यातून १९५७चा तो सिद्धांत उभा राहिला. दार्जिलिंगच्या दरडींनंतर जिथे प्रत्यक्ष हानी झाली होती, तिथे दुर्गानंद सिन्हा यांना अशा अफवा आढळल्या नव्हत्या. हाही पुरावा फेस्टिंगर यांनी वापरला.

बाकीच्या शाखांची ओळख धावती पुरे. मुझफ्फर शेरीफ आणि सॉलोमन अ‍ॅश यांनी गटाच्या मताचं वजन मोजलं. हेन्री टायफेल यांनी १९७० साली दाखवलं की क्षुल्लक कारणावरून पाडलेल्या गटांतही माणूस आपल्यांना झुकतं माप देतो. प्रेरणेच्या अंगाने डेव्हिड मॅक्लेलंड यशाच्या आकांक्षेकडे वळले आणि १९६४पासून आंध्रातल्या काकिनाडाच्या व्यापाऱ्यांना प्रशिक्षण देऊन तिचा प्रयोगही केला. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली दाखवलं की आवडीने केलेल्या कामाला पैशाचं बक्षीस जोडलं की आवड ओसरू शकते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेने लेविन यांच्या केंद्रासोबत १९४७ साली एक नियतकालिक काढलं. याच संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित मागांवर प्रत्येक जण सुटंसुटं काम करत होता. छोट्या गटांची कल्पना पुढे येताच विणकरांनी आपले गट आपणच पाडले.

लेविन यांच्यावरचे आक्षेप पुस्तकात झाकलेले नाहीत. आयोवाची दहा वर्षांची मुलं म्हणजे अखिल मानवजात नव्हे. १९६७ साली मीड या आडनावाच्या दुसऱ्या एका संशोधकाने भारतीय मुलांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा हुकूम देणाऱ्या म्होरक्याच्या गटात काम जास्त झालं आणि मुलांनाही तो अधिक पसंत पडला. पाटण्याचे जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली मांडलं की आपल्याकडे माया करणारा पण कामात कडक असा वडीलधारा नेता चालतो आणि त्याच्या आधारानेच पुढे सहभागाची सवय लागते. मला हे म्हणणं अर्धंच पटतं. धाकाची सवय झालेल्या मुलाला धाक आवडतो, यावरून धाक त्याला हवा आहे असं सिद्ध होत नाही. पण पायरी न बांधता त्याला वर चढ म्हणणंही अन्यायाचं. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : गटचर्चा हे लोकांकडून हवं ते करवून घेण्याचं गोड साधन ठरू शकतं. काळीज शिजवायचं हे वॉशिंग्टनला आधीच ठरलं होतं, बायकांनी फक्त हात वर केले. हा प्रश्न लेविन यांना पुरता सुटला होता असं मला वाटत नाही.

आज हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. कंपन्यांच्या प्रशिक्षणात 'वितळवा, बदला, पुन्हा गोठवा' अशा तीन पायऱ्यांचं चित्र लेविन यांच्या नावाने फळ्यावर काढतात. त्यांच्या लेखनात त्याला काही परिच्छेदांपलीकडे जागा नाही आणि गोठवण्याचा मुद्दा तिथे गटाच्या निर्णयाशी बांधलेला आहे. ग्रामसभेच्या वहीवर ठराव आधी लिहिलेला असतो आणि सह्या नंतर होतात. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आईला कागद कुठला हे न सांगता अंगठा कुठे उमटवायचा ते दाखवलं जातं. मोबाइलवरून काम मिळणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाला तर बसून ठरवायला गटच उरलेला नाही. लक्ष्य स्क्रीनवर येतं आणि नियम रातोरात बदलतात. अशा ठिकाणी 'लोकांमध्ये प्रेरणाच नाही' हे वाक्य फार सहज उच्चारलं जातं. त्या माणसाभोवती कोणत्या रेघा आखल्या आहेत, हे आधी पाहायला लेविन शिकवतात.

या पुस्तकाने काय साधू पाहिलं आहे, ते थोडक्यात सांगते. मराठीत लेविन यांचं नाव आजवर परीक्षेच्या टिपणांत येत राहिलं. लेखिकेने त्यांचं आयुष्य आणि प्रयोग एकमेकांपासून न तोडता सांगितले आहेत, कारण मोगिल्नो आणि खंदक वगळून हे प्रयोग समजत नाहीत. झाइगार्निक, ओव्हसियांकिना, डेम्बो यांना 'लेविन यांच्या विद्यार्थिनी' एवढ्यावर न सोडता त्यांच्या पुढच्या वाटाही दाखवल्या आहेत. झाइगार्निक मॉस्कोला परतल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर काम करत राहिल्या; डेम्बो अमेरिकेत अपंगत्व आलेल्यांच्या पुनर्वसनाकडे वळल्या. परिभाषेवर आमचे वाद झाले. 'समूहगतिकी' मला अजूनही जड वाटतो, पण वस्तूची ओढ आणि नावड दाखवणाऱ्या चिन्हांसाठी त्यांनी 'ओढ' आणि 'दुरावा' हे घरचे शब्द वापरले, त्याने कितीतरी पानं मोकळी झाली. आकृत्या त्यांनी ठेवल्या आहेत. लेविन वर्गात फळा अंड्यासारख्या गोलांनी भरून टाकत. ते गोल वगळले तर त्यांच्या विचाराची चाल हरवते. शिक्षक, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि कारखान्यात माणसांसोबत काम करणारे, यांना डोळ्यांसमोर ठेवून हे पुस्तक लिहिलं आहे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांना ते अडणार नाही.

पुस्तक कुठून वाचायला घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनचं प्रकरण उघडून देईन. १९४६चा उन्हाळा. वंशभेद कमी करण्यासाठी काम करणारे शिक्षक आणि समाजसेवक शिबिराला आले आहेत. दिवसभर ते गटांत बोलतात, संशोधक नोंदी घेतात आणि रात्री संशोधकांची वेगळी बैठक बसते. एके रात्री काही शिबिरार्थी येऊन विचारतात, आम्ही ऐकलं तर चालेल का? सहकारी चपापतात, लेविन म्हणतात, बसा. एक निरीक्षक एका बाईच्या दिवसभरातल्या वागण्याबद्दल आपली नोंद वाचून दाखवतो. ती बाई तिथेच बसलेली असते. ती म्हणते, असं झालंच नव्हतं, आणि मग जे घडलं ते आपल्या तोंडाने सांगू लागते. लेविन तिला थांबवत नाहीत, ऐकत राहतात. पुढच्या रात्री आणखी शिबिरार्थी आले, आणि मग जवळजवळ सगळेच येऊ लागले.